सुपर निन्टेन्डोवर डूम: ठाण्यातल्या घरात, डबा टीव्हीवर, सेव्हशिवाय

"मामा, हे हँग झालंय का?"

भाच्याने पहिल्या दोन मिनिटांत हे तीनदा विचारलं. तो सुट्टीत खारघरहून आमच्याकडे नौपाड्यात आला होता आणि मी मोठ्या कौतुकाने माळ्यावरून सुपर निन्टेन्डो हा नव्वदच्या दशकातला गेम कन्सोल काढून त्यावर डूम हा राक्षसांना गोळ्या घालायचा गेम लावला होता. "नाही रे, हे असंच चालतं," मी म्हटलं. मोबाईलवर लोण्यासारखे गेम खेळणाऱ्या पोराला सेकंदाला दहाएक चित्रं दाखवणारा गेम बंद पडल्यासारखाच वाटणार. पण त्याच पोराने दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासायच्या आधी कंट्रोलर हातात घेतला. मधल्या रात्रीत गेम बदलला नव्हता. त्याला तो कसा खेळायचा ते कळलं होतं, एवढंच. हा लेख त्यासाठीच आहे: काय घ्यायचं, घरी कसं जोडायचं, आणि जोडल्यावर हा हट्टी गेम कसा खेळायचा.

आधी अपेक्षा जागेवर आणा

डूम १० डिसेंबर १९९३ ला इड सॉफ्टवेअरने संगणकासाठी काढला. त्याला किमान ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम लागायची. सुपर निन्टेन्डोचा मुख्य प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा. शिवाय हे यंत्र मुळात छोट्या चौकोनी फरशा जुळवून चित्र तयार करण्यासाठी बनलेलं. मारिओ पळवायला ते उत्तम, पण हव्या त्या जागी एकेक ठिपका टाकून भिंत रंगवायची म्हटलं की त्याची दमछाक होते.

म्हणून १९९५ मध्ये आलेल्या डूमच्या कॅसेटमध्येच एक वेगळा प्रोसेसर बसवलेला होता: सुपर एफएक्स २, वेग २१.४ मेगाहर्ट्झ. म्हणजे कॅसेटचा मेंदू कन्सोलच्या मेंदूपेक्षा कितीतरी तल्लख. भिंती, राक्षस, हातातली बंदूक हे सगळं तो चिप कॅसेटमधल्याच मेमरीत रंगवतो आणि तयार चित्र कन्सोलकडे सोपवतो. अडचण सोपवण्यात आहे. टीव्हीचा किरण पडद्याच्या तळाला पोचून पुन्हा वर येईपर्यंतच्या क्षणभरातच कन्सोलला हा माल उतरवून घेता येतो. माल जास्त, वेळ कमी. म्हणूनच खेळाची चौकट लहान आहे आणि भोवती काळी पट्टी सुटलेली आहे. तो तुमच्या टीव्हीचा दोष नाही, उगाच पिक्चर साईज बदलत बसू नका.

आणखी काटकसर पुढे दिसते. जमिनीला आणि छताला पोत नाही, नुसता सपाट रंग. आडवे ठिपके दुप्पट जाडीचे, त्यामुळे लांबचा शत्रू म्हणजे तपकिरी ठिगळ. राक्षसांचं फक्त समोरून काढलेलं चित्र आहे, म्हणून ते कुठेही जात असले तरी तोंड तुमच्याकडेच. संगणकावरच्या २७ पैकी २२ लेव्हल्स इथे आहेत.

आता दुसरी बाजू. ज्या लेव्हल्स आहेत त्यांचे नकाशे संगणकाच्या मूळ आराखड्याला धरून आहेत. अटारी जॅग्वारवर आणि सेगाच्या ३२एक्सवर १९९४ मध्ये आलेल्या डूममध्ये नकाशे सोपे करून घेतले होते, आणि सायबरडेमन व स्पायडर मास्टरमाइंड हे दोन्ही मोठे धटिंगण गायब होते. इथे ते दोघेही हजर आहेत. जॅग्वारवर तर खेळताना संगीतच वाजत नाही. सुपर निन्टेन्डोवरचं बॉबी प्रिन्सचं संगीत मात्र असं घुमतं की शेजारच्या काकूंनी विचारावं, "काय हो, भजन की काय?"

हे सगळं घडवलं रँडी लिंडेन नावाच्या माणसाने. त्याच्याकडे डूमचा मूळ सोर्स कोड नव्हता. गेमच्या फाइल्सची रचना लोकांनी उकलून मांडली होती, तिच्या आधारे त्याने स्वतःचं इंजिन लिहिलं आणि त्याला 'रिअॅलिटी' नाव दिलं. त्यासाठीची साधनंसुद्धा स्वतःच तयार केली: घरच्या अमिगा संगणकावर प्रोग्राम लिहायचा आणि खोललेल्या स्टार फॉक्स कॅसेटवर (तीतही सुपर एफएक्स चिप असते) चालवून बघायचा. २०२० मध्ये त्याने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. आपल्याकडे जुगाड म्हटलं की लोक हसतात. हा जुगाड बघून टोपी काढावी.

तुम्हाला खरंच हाच हवाय का?

प्रामाणिक सल्ला आधी देतो. जुन्या कन्सोलवर डूम *खेळायचा* असेल तर प्लेस्टेशन घ्या. १९९५ मधलाच, पण ५९ लेव्हल्स, रंगीत प्रकाश, पाठीवर काटा आणणारं संगीत, आणि पासवर्ड लिहून ठेवून दुसऱ्या दिवशी पुढे खेळायची सोय. सॅटर्न (१९९७) आणि थ्रीडीओ (१९९६) यांच्यावरच्या डूमच्या वाटेला जाऊ नका, दोन्ही रखडतात. थ्रीडीओचं संगीत मात्र खऱ्या बँडने वाजवलेलं आहे, ते नुसतं ऐका.

सुपर निन्टेन्डो घ्या तो अशक्य गोष्ट शक्य झालेली डोळ्यांनी बघायला. आणि घेतलाच असेल तर पुढे वाचा.

कन्सोल आणि कॅसेट

आपल्या पिढीने 'टीव्ही गेम' म्हणून जे खेळलं ते बहुतेक आठ बिटी नकली यंत्र होतं. त्यावर ही कॅसेट बसणारही नाही. खरा सुपर निन्टेन्डो तीन घराण्यांचा: जपानी (सुपर फॅमिकॉम), अमेरिकन आणि युरोपियन. नियम एकच लक्षात ठेवा, कन्सोल आणि कॅसेट एकाच घराण्यातले घ्या. अमेरिकन आणि जपानी यंत्रं आतून सारखी असली तरी कॅसेटचा आकार वेगळा आहे. युरोपियन कॅसेट जपानी खाचेत बसते, पण कुलूप-चिप तिला चालू देत नाही.

"अडॅप्टर लावून चालेल ना?" असं विचाराल. साध्या गेमला चालेल. डूमला बहुधा नाही. सुपर एफएक्सच्या कॅसेटला मधल्या पिनांच्या दोन्ही बाजूंना जादा पिना असतात आणि स्वस्तातले अडॅप्टर त्या पुढे जोडतच नाहीत. चिप उठत नाही, पडदा काळा राहतो, आणि माणूस कॅसेट खराब समजून परत करतो.

अमेरिकन डूमची कॅसेट लाल प्लास्टिकची असते, लांबूनच ओळखू येते. पण लाल प्लास्टिक कोणीही ओतू शकतो. खात्री करायची तर ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रू-बिट आणा, कॅसेट उघडा आणि चिपवर 'जीएसयू-२' (सुपर एफएक्स २ चं छापील नाव) लिहिलंय का ते बघा. विकणारा उघडू देत नसेल तर निदान खालच्या बाजूच्या जादा पिना मोजून घ्या.

ठाण्यात अशा वस्तू नेमक्या दुकानात मिळत नाहीत. मी स्टेशनवरून लोकल पकडून दादरला गाडी बदलतो आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारतो. कन्सोल मिळो न मिळो, वायरी, ट्रान्सफॉर्मर, स्क्रू-बिट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एका फेरीत होतं. परदेशातून मागवणार असाल तर कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा.

फ्लॅश कॅसेट (मेमरी कार्डवरचे गेम चालवणारी) वापरायची असेल तर साधी घेऊ नका. सुपर एफएक्सची नक्कल करणारी एसडी२एसनेस किंवा तिची पुढची एफएक्सपॅक हीच लागते.

वीज: इथे चुकलात तर गेम संपला

आपल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट येतात. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० चा. सरळ खोचलात तर आधी वास येईल, मग धूर.

पहिला मार्ग म्हणजे मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. वजनदार, लोखंडी गाभ्याचा घ्या. प्रवासात हेअर ड्रायरला लावतात ते हलके कन्व्हर्टर नकोत.

दुसरा आणि मला जास्त पटणारा मार्ग: मूळ अडॅप्टर डब्यात ठेवून द्यायचा आणि २३० वर चालणारा नवा अडॅप्टर घ्यायचा. जपानी सुपर फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर लागतात, आणि पिनेचा *मधला* भाग ऋण असतो. बाजारातले बहुतेक अडॅप्टर मध्ये धन असलेले, म्हणून लेबलावरचं गोलाचं चिन्ह बघितल्याशिवाय लावू नका. अमेरिकन यंत्राला तेवढीच वीज लागते, पण प्लग वेगळाच, खास त्याच्यापुरता. युरोपियन यंत्राचा अडॅप्टर तर ९ व्होल्ट *एसी* देतो. तो जपानी यंत्राला लावायचा नाही. घरात तीन काळे अडॅप्टर एकाच पिशवीत असतील तर त्यांच्यावर कागदी चिठ्ठ्या चिकटवा. मी चिकटवल्या नव्हत्या आणि एक फ्यूज बदलावा लागला. फ्यूजवर निभावलं हे नशीब.

टीव्ही

डबा टीव्ही मिळत असेल तर तोच घ्या. भंगारवाला तो कवडीमोलाने देतो, कारण उचलायला दोन माणसं लागतात. या गेमचे जाडेभरडे ठिपके काचेच्या नळीवर एकमेकांत मिसळतात आणि भिंत भिंतीसारखी दिसते. एलईडीवर तेच बाथरूमच्या टाइल्ससारखं दिसतं. एक ताकीद मात्र देतो: जुना टीव्ही बिघडला तर हौसेने मागचं झाकण काढू नका. प्लग काढल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा साठा राहतो.

जोडायला अँटेनाची वायर नको, पिवळ्या-पांढऱ्या-लाल टोकांची एव्ही वायर वापरा. निन्टेन्डो ६४ किंवा गेमक्यूबची वायर घरात असेल तर तीच इथे बसते.

चित्र आलं पण काळं-पांढरं असेल तर घाबरू नका. आपले टीव्ही पाल या रंगपद्धतीचे आणि जपानी-अमेरिकन कन्सोल एनटीएससी पद्धतीचा. रिमोटवर मेनू उघडून 'कलर सिस्टिम' शोधा आणि ऑटोऐवजी एनटीएससी ३.५८ करा. नव्वदच्या शेवटी आलेल्या बऱ्याच संचांत हा पर्याय असतो. चित्र वर-वर सरकत असेल आणि मेनूत काहीच नसेल, तर तो टीव्ही या कामाचा नाही.

सपाट टीव्हीच असेल तर गेम मोड लावा. स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबी वापरली तर बटण दाबणं आणि गोळी सुटणं यांत अंतर पडतं. मुळात दहा चित्रांवर चालणाऱ्या गेमला आणखी उशीर परवडत नाही. रेट्रोटिंकसारखा लाइन डबलर (जुन्या चित्राच्या ओळी दुप्पट करून नव्या टीव्हीला देणारी डबी) महाग पडतो, पण जुने कन्सोल एकापेक्षा जास्त असतील तर पैसे वसूल.

पिना, पावसाळा आणि फुंकर

लहानपणी कॅसेट चालली नाही की आपण काय करायचो? फुंकर. मग शर्टाला पुसायची, परत फुंकर, आणि आडवी सरकवून दाबायची. चालायची, कारण काढून-घालून पिनांवरचा थर घासला जायचा. फुंकरीने त्यावर फक्त तोंडाची वाफ बसायची. ठाण्याच्या जुलैत हवेतच इतकी ओल असते की कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे तांब्याच्या पिनेची काय कथा.

पद्धत अशी. कानात घालायची कापसाची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, निथळू द्या आणि पिनांवर वरून खाली फिरवा. उजवीकडे-डावीकडे घासू नका. काडी काळी झाली की दुसरी. माझ्या कॅसेटला सात काड्या लागल्या. पहिली डांबरासारखी निघाली, सातवी जवळजवळ पांढरी. बाजूच्या जादा पिना विसरू नका, सगळा डूम त्यांच्यावर उभा आहे. पाच-दहा मिनिटं वाळू द्या, मगच खोचा. खोचताना आणि काढताना कन्सोल बंदच हवा.

मग कॅसेट झिपच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. या कॅसेटमध्ये सेव्ह नाही, म्हणून आत बॅटरीही नाही. जुन्या गेमांत बॅटरी बदलायची कटकट असते, ती इथे वाचली. तिची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते.

सेव्ह नाही, पासवर्ड नाही

हा या गेमचा सगळ्यात मोठा जाच. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, हातात पिस्तूल आणि ५० गोळ्या. ते सोसवतं. पण कन्सोल बंद केला की सगळं पुसलं. गेमचे तीन भाग आहेत, प्रत्येकात अनेक लेव्हल्स. एक भाग सुरू केला की एका बैठकीतच संपवायचा. पहिल्या भागाला सरावलेल्या हाताला दीड-दोन तास धरा.

मागच्या वर्षी मी पहिल्या भागाच्या शेवटच्या लेव्हलला पोचलो होतो. समोर बॅरन ऑफ हेल नावाचे दोन दांडगे राक्षस, त्यातला एक लोळवला, दुसरा अर्धमेला. बाहेर पाऊस. ट्यूबलाइटने एकदा डोळा मिचकावला आणि घर काळं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मेणबत्ती घे रे." मी तसाच कंट्रोलर धरून बसलो.

तेव्हापासून कन्सोल संगणकाच्या यूपीएसवर असतो. खुबी अशी की टीव्ही त्यावर लावायची गरज नाही. कन्सोल दहाएक वॅटच खातो, त्यामुळे छोट्या यूपीएसवरही बराच वेळ तग धरतो. वीज गेली, टीव्ही गेला, तर अंधारातच स्टार्ट दाबायचं. गेम पॉज. आता चहा करा. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका, तो बदली करताना क्षणभर घेतो आणि तेवढ्यात कन्सोल रीसेट होऊ शकतो. यूपीएस तो क्षण जाणवू देत नाही. जेवायला उठायचं असेल तरीही हाच पॉज.

आता खेळा

कठीणपणाच्या पाच पातळ्या आहेत. अमेरिकन कॅसेटमध्ये एक गोम आहे: पुढचे भाग थेट निवडायचे तर वरची पातळी घ्यावी लागते, सोप्या पातळीवर सुरुवात पहिल्या भागापासूनच. पहिल्यांदा खेळताना सोपी पातळी आणि पहिला भाग घ्या. अहंकार टीव्हीवर ठेवा.

पहिली लेव्हल 'हँगर'. सुरुवातीला कोणाला मारायला जाऊ नका. जागेवर उभं राहून हळूहळू एक गिरकी घ्या. वळण तुटक वाटेल, बटण सोडल्यावरही चित्र थोडं मागून येईल. बोटाला ही उशिराची सवय लावायची. आपण चालत्या लोकलमधून उतरताना शरीर आधीच मागे टाकतो, तसं इथे वळण संपायच्या *आधी* बटण सोडायचं. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने पाच मिनिटं नुसत्या गिरक्या घेतल्या, आणि त्यानंतर हँगचा प्रश्न परत आला नाही.

खांद्यावरची एल आणि आर बटणं बाजूला सरकण्यासाठी. संगणकावर शत्रूभोवती गोल फिरत गोळ्या घालायची सवय असेल तर ती विसरा, ते या कॅसेटमध्ये जमत नाही. इथे कोपरा हाच मित्र. भिंतीआड उभे राहा, एका बटणाने बाहेर सरका, दोन गोळ्या, दुसऱ्या बटणाने आत. इंप नावाच्या राक्षसाचा आगीचा गोळा संथ येतो, तेवढ्यात आत जाता येतं. बंदूकवाले सैनिक वेगळे. त्यांची गोळी दिसत नाही, ती लागलेलीच असते. म्हणून खोलीत इंप आणि सैनिक दोन्ही असतील तर आधी सैनिक. पिस्तुलाच्या दोन-तीन गोळ्यांत तो पडतो, आणि पडताना गोळ्या टाकून जातो.

लांबच्या ठिगळावर गोळ्या उधळू नका. जवळ येऊ द्या. राक्षसाचं तोंड कायम तुमच्याकडे, त्यामुळे त्याने तुम्हाला पाहिलंय की नाही हे चित्रावरून कळतच नाही. कानाने ओळखा. झोपलेला राक्षस गप्प असतो, जागा झाला की गुरगुरतो. म्हणून आवाज मोठा हवा, घरचे झोपले असतील तर हेडफोन.

खोलीत एकदम चार-पाच जण समोर आले की गेम आणखी जड होतो. त्यांना दारापर्यंत ओढून आणा. दारातून एका वेळी एकच दिसतो, चिपवरचा भार हलका होतो आणि तुमची बंदूकही वेळेवर चालते. हिरव्या द्रवाचे पिंप दिसले आणि शेजारी शत्रू असेल तर गोळी पिंपाला घाला. पण स्वतः चार पावलं मागे.

जमिनीला पोत नसल्याने विषारी डबकं आणि साधी फरशी यांत फरक फक्त रंगाचा. नागमोडी पुलावरून जाताना रंग बदलला आणि आरोग्याचा आकडा उतरू लागला, की तुम्ही पुलाखाली आहात. नकाशा उघडून वाट शोधा, अंदाजाने धावू नका.

शेवटच्या दोन बॅरनसाठी रॉकेट साठवून ठेवा. प्रत्येकाची ताकद १००० आहे, इंपची अवघी ६०. म्हणजे एका बॅरनमागे जवळजवळ सतरा इंपांइतका दारूगोळा धरा. भाच्याने हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर मांडला, आधीच्या लेव्हलमध्ये एकही रॉकेट उडवलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला दुसरा बॅरन पाडला. सकाळी त्याच्या आईचा फोन आला तेव्हा कन्सोल पॉजवर होता आणि तो सोफ्यावर कंट्रोलर उशाला घेऊन झोपला होता.

२०२४ मध्ये याच गेमची नवी कॅसेट जाहीर झाली, जास्त दमदार चिपची आणि गाळलेल्या लेव्हल्ससकट, पुन्हा लिंडेनच्याच हातची. तिच्यात गोल फिरत गोळ्याही घालता येतात. भाचा म्हणतो आपण ती घेऊ. मी त्याला आधी दुसरा भाग संपवायला सांगितलंय.